नव्या गाडीच्या पोटाखाली

नवी पिकअप दारात येईपर्यंत बॉनेटच्या आत मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचं पापड-लोणच्यांचं काम चालतं. भाड्याच्या गाड्या वेळेवर मिळेनात, म्हणून मी आणि जाऊबाईंनी कर्ज काढून ही गाडी घेतली. पहिल्याच जोराच्या पावसात डाव्या बाजूची चटई खालून भिजली. खिडक्या बंद होत्या, छत कोरडं होतं. चटई उचलली, तर इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं. त्यातून वायरींचा जाड जुडगा आत आलेला, आणि भोकातली रबराची चकती अर्धी बाहेर. ती तशीच असते की निसटली आहे, हेही मला सांगता येईना.

सर्व्हिस सेंटरने चटई वाळवून दिली. ‘पावसाळ्यात थोडी ओल येतेच, मॅडम.’ उलट काय विचारावं ते मला सुचलं नाही. कागदावर सही केली आणि गाडी घेऊन घरी आले.

भनपुरीच्या एका मिस्त्रींनी मात्र वेळ काढून समजावलं. त्या चकतीला ग्रोमेट म्हणतात. पत्र्याला भोक पाडलं की कड धारदार राहते; तिच्यावर वायर घासू नये म्हणून ही चकती बसवतात. पाणी अडवणं हे तिचं दुसरं काम. त्यांनी जुडगा हलकेच ओढला, वरची टेप बाजूला केली आणि टॉर्च धरली. एका वायरीच्या आवरणावर खोल चरा पडला होता. ‘दीदी, पानी छोड़िए, ये देखिए.’ आवरण फाटून आतलं तांबं पत्र्याला टेकलं की शॉर्ट सर्किट. फ्यूज वेळेवर उडाला तर ठीक, नाहीतर आग. आणि मी इतके दिवस चटईची काळजी करत होते.

‘आता खालूनही बघून घेऊ,’ ते म्हणाले. त्यांच्या गॅरेजात जमिनीत खणलेला खड्डा आहे. गाडी वर उभी राहते, माणूस खाली उतरतो. ओढणी कमरेला बांधून मीही उतरले. मागची चाकं ज्या आडव्या दांड्यावर बसतात तो ॲक्सल. तो कमानीच्या पाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेला असतो. ही पकड ढिली राहिली तर पाटे सरकतात, त्यांच्या मधला बोल्ट तुटू शकतो आणि भरल्या गाडीखाली ॲक्सल जागचा हलतो. उजवीकडच्या नटांवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती. नट ठरलेल्या जोराने आवळला की कारखान्यात अशी रेघ ओढतात. पुढे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसते. डावीकडच्या दोन नटांवर रेघच नव्हती.

मला वाटलं, चूक सापडली. पण मिस्त्री म्हणाले, रेघ नाही एवढ्यावरून नट ढिला ठरत नाही, पाना लावून बघायचं. त्यांचा टॉर्क पाना ठरावीक जोर पोचला की ‘कट्’ असा आवाज करतो. किती जोर लावायचा, ते कंपनीच्या तक्त्यात पाहून त्यांनी तो लावला. सुरुवातीच्या धावण्यात हे नट थोडे सैल होतातच, म्हणून पहिल्या सर्व्हिसिंगला ते पुन्हा आवळायचे असतात. रेघ असलेले नट जेमतेम हलले. बिनरेघेचे दोन्ही फिरतच राहिले.

असं का व्हावं, याचा मग मला ध्यासच लागला. १९१३ साली हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात चेसिसची सरकती जुळणी सुरू झाली आणि पुढच्या वर्षापर्यंत सुमारे साडेबारा तासांचं काम ९३ मिनिटांत होऊ लागलं. तेव्हापासून गाडी कामगारापाशी थांबत नाही. चकती पहिल्या दाबाला बसली नाही, तर दुसऱ्यांदा दाबायला वेळ उरेलच असं नाही. टोयोटाने आपल्या कारखान्यात त्यासाठी दोरी ठेवली: अडचण दिसली की कामगाराने ती ओढायची, आणि वेळेत सुटली नाही तर लाइन थांबते. हे वाचल्यावर कामगारावरचा माझा राग उतरला. पीडीआय, म्हणजे गाडी ताब्यात देण्याआधीची तपासणी, ज्यांनी केली त्यांच्यावरचा मात्र आजही उतरलेला नाही. तो कागद पहिल्या दिवसापासून माझ्याच फायलीत होता. वायरिंग आणि खालचे नटबोल्ट, दोन्हींपुढे ‘ओके’.

फोटो घेऊन मी पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले आणि प्रत्येक दोष जॉब कार्डवर लिहून घ्यायला लावला. वायर बदलली, ग्रोमेट बसलं, नट आवळून रेघा आल्या. तिथे एकाने ऐकवलं की मालवाहू गाडीला ग्राहक कायदा लागू नाही. लागू आहे: २०१९ च्या कायद्याप्रमाणे स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजत नाहीत, आणि तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार दोष धोकादायक असेल आणि पुरेशा मालकांनी कळवला असेल, तर केंद्र सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला सांगू शकतं. हे कलम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे.

पुरेशा मालकांनी, हे वाचल्यापासून मी डूमरतराईच्या बाजारात याच मॉडेलची नवी गाडी दिसली की चालकाला चटई उचलायला सांगते. बहुतेकांचं ग्रोमेट नीट बसलेलं असतं. धमतरीहून भाजी आणणाऱ्या एका दादांचं अर्धं बाहेर होतं. तिथेच उभं राहून आम्ही फोटो काढले आणि त्यांची तक्रार लिहिली.