आटपाडीची वाट

नोकरीचा राजीनामा देऊन आम्ही उभयतां परदेशीं निघणार, हें ऐकून घरांतील वडीलधाऱ्यांनीं एकच धरिलें : ‘चालती नोकरी सोडून कोणी जातें काय ?’ त्या गडबडींत चार दिवस काढून आटपाडीस जाऊन आलों. माणदेशांतील हा दुष्काळी तालुका आज सांगली जिल्ह्यांत असला तरी पूर्वीं औंध संस्थानाचा. येथील स्वतंत्रपूर म्हणजे भिंतीवांचून तुरुंग. १९३९ त ही वसाहत निघाली तेव्हां लोकांस नवलच वाटलें असेल : कैदी शेती करणार, बायकामुलें जवळ ठेवणार, आणि पहारा तो केवळ शब्दाचा ! कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराची. बंगळूरच्या वीजकारखान्यांतील मोठी जागा सोडून ते औंधास आले होते.

औंधचे राजपुत्र व प्रधान अप्पासाहेब पंत उलट दिशेनें गेले. १९४८ त संस्थान विलीन झालें आणि त्याच वर्षीं भारताचे कमिशनर म्हणून त्यांनीं नैरोबी गांठली. पत्नी नलिनीदेवी, स्वतः शस्त्रवैद्य, बरोबर होत्या. (जागा एकाची बदलते, घर मात्र दोघांचें हलतें !) आफ्रिकन पुढाऱ्यांशीं जडलेला त्यांचा स्नेह गोऱ्या सरकारास खुपला; १९५४ त परतावें लागलें. पण घरीं बसणें कसलें ? पुढें गंगटोक, जकार्ता, कैरो, लंडन, रोम असा मुक्काम हलतच राहिला.