माळढोकाच्या माळावर
जैसलमेरहून वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाची दोन दिवसांची सहल

खरिपाची खळी झाली, रब्बीला पाणी देण्याचे काम घरात कुणावर तरी सोपवता आले, म्हणजे चार दिवस बाहेर पडायला हरकत नसते. अशा वेळी तुम्ही देवदर्शनाला जाता, तसे एकदा राजस्थानच्या थर वाळवंटात जाऊन या. शेतकऱ्याने तिथे जाण्यासारखे पुष्कळ आहे. पाऊस जिथे वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरच्याही आत पडतो, तिथे माणसे गहू कशी पिकवतात, गाई कशा सांभाळतात, हे डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.

मुंबई-पुण्याहून जोधपूरला रेल्वेने जाता येते. तिथून पोखरणमार्गे जैसलमेर सुमारे २८५ किलोमीटर. बसही मिळते, रेल्वेही मिळते. मुक्काम जैसलमेरलाच करावा. रावळ जैसलने ११५६ साली वसवलेले हे शहर. त्याच्या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यात आजही माणसे राहतात. इथून भाड्याची जीप ठरवली की दोन दिवसांत राष्ट्रीय मरू उद्यान पाहून होते. चार-पाच जणांनी मिळून जीप केली तर खर्चही वाटला जातो.

हे उद्यान १९८० साली जाहीर झाले. जैसलमेर आणि बारमेर या दोन जिल्ह्यांत मिळून त्याचा पसारा ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. पण या उद्यानात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी सगळा खडकाळ, मुरमाड माळ, मधूनच गवताचे पट्टे आणि खारट जमीन. सोलापूर-बीडकडच्या माणसाला तिथे फारसे परके वाटणार नाही.

पहिला दिवस : दगड झालेली झाडे आणि पाण्याची शेते

सकाळी आधी बारमेरच्या रस्त्याने १७ किलोमीटरवरच्या आकल गावी जा. तिथे माळावर झाडांचे ओंडके पडलेले दिसतील. हात लावून पाहिले तर दगड! सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे घनदाट अरण्य होते. झाडे गाळाखाली गाडली गेली आणि लाकडाच्या जागी खनिजे साचत जाऊन त्यांचा दगड झाला. सालीच्या रेषासुद्धा ओळखू येतात. आज जिथे गवताची काडी जगवायची मारामार, तिथे एकेकाळी अरण्य होते, हे मुलांना जरूर दाखवा.

तिथून समच्या रस्त्याला लागा. वाटेत आत वळले की कुलधरा हे ओसाड गाव लागते. पालीवाल ब्राह्मणांनी हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस सोडले. दिवाणाच्या जुलुमामुळे एका रात्रीत गाव उठले, अशी कथा लोक सांगतात. पाणी आटत गेले हेही कारण जाणकार सांगतात. पडक्या भिंती पाहून माघारी फिरू नका. याच पालीवालांनी रुळवलेली 'खडीन' नावाची शेती या भागात आजही होते. जीपवाल्याला सांगून एखादे खडीन मुद्दाम पाहा.

खडीन म्हणजे काय? खडकाळ माळाच्या उताराला, खालच्या अंगाला मातीचा लांबलचक बांध घालायचा. वर्षातून दोन-तीन वेळा पडणारा पाऊस माळावरून वाहत येतो आणि बांधाआड तुंबतो. पाण्याबरोबर गाळ येतो, चरणाऱ्या जनावरांचे शेणखतही वाहून येते. पाणी मुरत राहते. उरलेले पाणी पेरणीच्या वेळी बांधातल्या मोरीतून सोडून देतात आणि त्या ओलीवर गहू-हरभरा पेरतात. वरून एकही पाणी न देता पीक निघते. एका एकराच्या पिकाला वरचा साधारण पंधरा एकर माळ लागतो. म्हणून तिथे पडीक माळाला कुणी निकामी म्हणत नाही. माळ आहे म्हणून शेत आहे. आपल्याकडे बांधबंदिस्ती आणि पाणलोटाची कामे झाली, त्यांचेही सूत्र हेच.

पिण्याच्या पाण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी. घराजवळ जमिनीत बांधलेला टाका असतो. त्याच्याभोवतीचे अंगण उताराचे आणि स्वच्छ ठेवतात, म्हणजे पावसाचा थेंब न थेंब आत उतरतो. काही ठिकाणी अरुंद तोंडाच्या 'बेरी' आहेत. खोलवरचे पाणी खारट असते, पण मध्ये जिप्समचा थर असला तर पावसाचे मुरलेले गोडे पाणी त्याच्यावरच अडून राहते. तेवढेच बेरीतून काढायचे. थर फोडला तर गोडे पाणी गेले!

संध्याकाळी समला पोचा. जैसलमेरपासून हे सुमारे ४० किलोमीटर. वाळूच्या टेकड्या, उंटावरची रपेट, सूर्यास्त, सगळे इथे आहे. गर्दीही आहे. शांतपणा हवा असेल तर खुडी गावच्या टेकड्या बऱ्या. जेवणात बाजरीची भाकरी, कढी आणि केर-सांगरीची भाजी मागा. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते ती. तिथे तिची पाने शेळ्या-उंटांना चारा होतात, शेंगा माणसांना भाजी होतात, आणि तिच्या सावलीतली बाजरी जोमदार येते म्हणून कुणी तिला शेतातून काढत नाही.

दुसरा दिवस : गवत आणि माळढोक

दुसऱ्या दिवशी पहाटेच उद्यानातल्या सुदासरी भागाकडे निघा. परवानगी आदल्या दिवशी जैसलमेरच्या वनखात्याच्या कचेरीतून घेऊन ठेवावी. सरहद्दीजवळच्या काही भागात परवानगीशिवाय जाता येत नाही. तारेच्या कुंपणाआड तुम्हाला सेवण गवताचे झुबके दिसतील. हे गवत एकदा धरले की वर्षानुवर्षे टिकते. अंगणासमोर पन्नास-शंभर थारपारकर गाई बाळगणाऱ्या तिथल्या गोपालकांची खरी दौलत हीच. चिंकारा दिसतील, खोकड दिसेल, आकाशात गिधाडे घिरट्या घालतील. आणि नशीब असेल तर गवतातून मान वर काढून उभा असलेला माळढोक दिसेल.

आपल्याकडे काही भागात ज्याला 'हूम' म्हणत, तोच हा पक्षी. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. टोळ, किडे, बोरे, धान्य हे त्याचे खाणे, म्हणजे तो शेतकऱ्याच्या शेजारीच राहणारा. आज देशभरच्या मोकळ्या रानात दीडशेसुद्धा माळढोक उरलेले नाहीत आणि त्यांतले बहुतेक याच जैसलमेर जिल्ह्यात आहेत.

का कमी झाले? शिकार हे जुने कारण. पुढे गवताळ माळ नांगरला गेला. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९८७ साली जैसलमेरच्या मोहनगडपर्यंत आले आणि त्या बाजूला हिरवी शेते उभी राहिली. माणसाचे भले झाले, गवत मात्र हटले. भटकी कुत्री अंडी खातात. अलीकडे पवनचक्क्या आणि सौरऊर्जेच्या प्रकल्पांच्या उंच तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तो तारेवर आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. वीजही हवी आणि पक्षीही हवा, असा हा पेच आहे.

आशेची गोष्टही आहे. २०१९ पासून रानातली अंडी गोळा करून, ती उबवून पिल्ले वाढवण्याचे काम जैसलमेर जिल्ह्यात सुरू झाले. गाई-म्हशींचे कृत्रिम रेतन आपल्याला नवे नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून माळढोकाचे पहिले पिल्लू जन्मले. पण पिल्लांना सोडायला माळ उरला पाहिजे.

उद्यानात अनेक ढाण्या, म्हणजे आपल्या वाड्या-वस्त्या, आहेत. तिथल्या माणसांशी अवश्य बोला. नियमांमुळे रस्ता, वीज, पाणी आणताना अडचणी येतात, हे ते सांगतील. ही व्यथा आपल्यालाही ओळखीची आहे. १९७९ साली सोलापूर-नगर भागात नान्नजचे माळढोक अभयारण्य झाले, ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. गावेच्या गावे त्यात आली, जमिनीचे व्यवहार अडले. पुढे ते आवळून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तोवर पक्षी जवळजवळ गेलेच होते. शेतकऱ्याला बरोबर न घेता आखलेल्या रेघेने ना शेतकऱ्याचे भले झाले, ना पक्ष्याचे.

जाताना एवढे ध्यानात ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दिवसा ऊन असले तरी डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा घोंगडी-स्वेटर बरोबर हवेच. पाणी भरपूर घ्या. जीप रस्ता सोडून गवतात घालू देऊ नका. पक्षी दिसला तर लांबूनच पाहा, आणि प्लॅस्टिकची पिशवी माघारी आणा.

आणि गावी परतल्यावर आपल्या गायरानाकडे एकदा नीट पाहा. त्यावरून वाहणारे पाणी कुणाच्या विहिरीला जाते, त्यावर कोणते गवत उगवते, कोणती पाखरे उतरतात, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांनी हूम पाहिला असेल. तो कुठल्या माळावर उतरत असे, हेही विचारून ठेवा.