पाटे बदलल्यावर

ट्रकला नवे कमानपाटे चढवले की गाडी उंच उभी राहते आणि तक्रार स्टिअरिंगची येते. भंडारा जिल्ह्यात हे नेहमीचे. वैनगंगेची रेती, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग खाणींचे मँगनीज, हंगामात धान. भार वाढला की मागच्या कमानीत एखादा जादा पाटा घालण्याची सवय त्यातूनच लागते. 2018 साली केंद्र सरकारने चार टायरच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन केली. पण मर्यादा वाढली म्हणून जादा पाट्याने गाडीची ताकद वाढते हा समज खोटा आहे. अ‍ॅक्सल, ब्रेक आणि टायर जुनेच राहतात.

जादा पाटा पहिल्यांदा बिघडवतो तो कॅस्टर. सायकलचा चिमटा मागे झुकलेला असतो, तसाच चाक ज्याभोवती वळते तो किंगपिनही वरच्या टोकाला किंचित मागे कललेला असतो; हा कल म्हणजेच कॅस्टर. त्यामुळेच वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात. 4 मीटर व्हीलबेसच्या ट्रकची मागची बाजू 70 मिलिमीटर उचलली गेली, तर चेसिस पुढे झुकते आणि कॅस्टर सुमारे 1 अंशाने घटतो. मुळात तो मोजक्याच अंशांचा, म्हणून 1 अंशही भारी पडतो. माल उतरवून परतताना मागचा भाग आणखी उचलला जातो. मग लाखनी ते साकोली सरळ रस्त्यावरही ड्रायव्हरला सतत स्टिअरिंग सावरत राहावे लागते. यावर पुढचा अ‍ॅक्सल आणि कमान यांच्यामध्ये पाचर घालतात. कमान अ‍ॅक्सलच्या वर असेल तर पाचरीचे जाड टोक मागे हवे आणि दोन्ही बाजूंची पाचर सारखी हवी. उलटी बसलेली पाचर दोष दुप्पट करते.

पुढचे पाटे वाढवले तर स्टिअरिंग बॉक्सला चाकाशी जोडणाऱ्या ड्रॅग लिंकचा उतार वाढतो. गाडी सरळ चालते, पण स्टिअरिंग तिरके दिसते. अशा वेळी स्टिअरिंग चाक काढून दाते बदलून बसवणे ही निव्वळ लपवाछपवी आहे: बॉक्सचा मध्य सुटतो आणि एका बाजूचे वळण कमी पडते. लिंकची लांबीच जुळवावी लागते. शिवाय कमान आणि लिंक यांच्या हालचालीचा मेळ बसला नाही, तर खड्ड्यात चाक आपणच वळते आणि हाताला झटका बसतो.

सर्वांत फसवा दोष सेंटर बोल्टचा. त्याचे डोके अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसले नाही किंवा यू-बोल्ट ढिले राहिले, की अ‍ॅक्सल एका बाजूने पुढे-मागे सरकतो. मागचा अ‍ॅक्सल असा तिरका झाला, तर गाडी खेकड्यासारखी चालते. नदीघाटाच्या ओल्या रेतीवर मागच्या टायरचे ठसे पुढच्यांच्या रांगेत पडत नाहीत. पुढचे आणि मागचे हब यांतले अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजले की पाच मिनिटांत उलगडा होतो. ही पाच मिनिटे फारसे कोणी देत नाही.

जुना पाटा गॅसने तापवून, ठोकून पुन्हा वाकवण्याची रीतही आहे. त्यात पोलादाचे पाणी उतरते. पाटा लवकर बसतो, तोही एका बाजूचा आधी.

टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधल्या अंतराचा पुढून व मागून पडणारा फरक, सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी ही चाके जोडणारा टायरॉड फिरवण्यापासूनच सुरुवात होते, कारण तेवढेच सहज फिरते. कॅस्टर किंवा अ‍ॅक्सलची जागा बिघडलेली असताना जुळवलेला टो टायर खातो: टो-इन जास्त असेल तर बाहेरची कड, टो-आउट असेल तर आतली. जॅकवर चाक फिरवून टायरवर खडू लावावा, खिळ्याने रेघ ओढावी, गाडी खाली घेऊन थोडी पुढे ढकलावी आणि हबच्या उंचीवर रेघांमधले अंतर पुढून व मागून मोजावे. आकडा कंपनीच्या पुस्तकातलाच धरावा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर नवे पाटे बसतात. तेव्हा यू-बोल्ट पुन्हा आवळून टो परत मोजावा लागतो.