काच गळतीय? सिलिकॉन मारायच्या आधी हे वाचा

मंडळी, पावसाळा आला की आपल्या कोल्हापुरात दोन ठिकाणी मलमपट्टी सुरू होते. रस्त्यावरच्या खड्ड्यात मुरूम-खडी आणि गाडीच्या काचेला सिलिकॉन. दोन्हीचं आयुष्य पुढच्या मोठ्या सरीपर्यंत.

गेल्या जुलैत माझ्या गाडीत डाव्या बाजूच्या मॅटखाली पाणी साठायला लागलं, कुबट वास सुटला. एकानं सांगितलं, "वरून सिलिकॉन मारतो, विषय संपला." मी नको म्हटलं आणि उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी बाहेरून पाइपनं खालून वर हळूहळू पाणी सोडलं, मला बॅटरी घेऊन आत बसवलं. पाच मिनिटांत काचेच्या कोपऱ्यातनं थेंब दिसला. काच काढल्यावर खाली पत्रा गंजलेला. वरून सिलिकॉन मारलं असतं तर गंज आत वाढतच राहिला असता.

पाणी दरवेळी काचेतूनच येतं असंही नाही. वायपरखालच्या जाळीत पाला अडकला की पाणी आत वळतं. पाऊस नसताना फक्त एसी लावल्यावर मॅट भिजत असेल, तर एसीची पाण्याची नळी तुंबलेली असते.

पुढची काच म्हणजे नुसता आडोसा नव्हे. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. गाडी उलटली तर छताला तिचा आधार असतो. बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग तिच्यावर टेकूनच फुगते. म्हणून काच बसवताना युरेथेनचाच गोंद वापरायला सांगा. तो वाळायला किती तास लागतील ते विचारा आणि तेवढा वेळ गाडी हलवू नका. खड्याचा बारीक टिपका पडला तर लगेच भरून घ्या. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं की तडा पळतो. फुल इन्शुरन्स असेल तर साधारणपणे काचेवर घसारा कापत नाहीत. पण क्लेमनं नो क्लेम बोनस जाऊ शकतो, हिशोब आधी करा.

आता मूळ मुद्दा. हे टिपके पडतात कशानं? खड्ड्यातनं सुटलेल्या खडीनं आणि ताडपत्री न टाकता पळणाऱ्या डंपरनं. आपल्या काचेला जी मलमपट्टी आपण नाकारतो, ती रस्त्याला का चालवून घ्यायची? खड्डा चौकोनी कापून, साफ करून, डांबर घालून, दाबूनच भरला पाहिजे.

तुमच्या भागात खडी कुठं सुटलीय? फोटो काढा, वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जागा खाली लिहा, सगळे मिळून पाठपुरावा करू.