बाबांच्या फोनवरचं प्रोजेक्ट

आमच्या ऑफिसात एका शेअर्ड डॉक्युमेंटवर सात कर्सर नाचत असतात आणि काम एकच जण करत असतो. बाकीचे ‘लुक्स गुड’ अशी कमेंट टाकून चहाला पळतात. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या देवळीत शिकवणाऱ्या माझ्या ताईनं २०२० साली हेच गूगल डॉक्स तिच्या वर्गाला दिलं, तेव्हा मी म्हटलं, पोरांना आतापासूनच कॉर्पोरेट करतेस की काय?

त्या वर्षी मार्चपासून शाळा बंद. ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं गूगलशी हातमिळवणी करून शाळांसाठी गूगल क्लासरूम आणलं. लाइव्ह तासांचं काय झालं, ते ताईच्याच शब्दांत : “अरे, अर्धे पोट्टे येतच नाई, अन् आले ते कॅमेरा बंद करून झोपून राह्यले.” घरात स्मार्टफोन एकच, तो बाबांचा, आणि बाबा दिवसभर शेतात. मग सकाळी दहाचा तास करायचा कसा?

तिनं पाच-पाच जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक डॉक्युमेंट. विषय कपाशी, घरच्यांना विचारून लिहायचं. फोन ज्याच्या हाती जेव्हा येईल, तेव्हा तो लिहिणार. नेट गेलं तरी ऑफलाइन लिहिलेलं नंतर आपोआप चढतं. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी रात्री साडेदहाला आईला विचारून वेचणीची किलोमागे मजुरी लिहायची. सकाळी त्याखाली दुसऱ्याचा प्रश्न हजर! व्हॉट्सॲपवर हे सगळं ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गडप झालं असतं.

आणि व्हर्जन हिस्टरी! ‘लिहिणार एक, नावं पाच’ ही आपली ग्रुप-प्रोजेक्टची थोर परंपरा तिथं उघडी पडते. फक्त खातं फोनमालकाचं, त्यामुळे नाव दिसायचं बाबांचं. एका गटाचं अख्खं प्रोजेक्ट चार शेतकरी आणि एका ऑटोवाल्यानं केल्याची नोंद आहे! शेवटी ताईनं प्रत्येक परिच्छेदाखाली स्वतःचं नाव लिहायला लावलं. गणिताला मात्र हे बिलकुल चाललं नाही. मोबाइलवर भागाकार टाइप करून दाखवा बघू!

१९३७ साली वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवणाऱ्या ‘नई तालीम’ची कल्पना तिथं मांडली गेली. आईच्या वेचणीवरून लिहिलेला धडा मला त्याच घराण्यातला वाटतो. ताई म्हणते, एवढं मोठं करू नको.

शाळा उघडल्यावर लाइव्ह तास बंद झाले, डॉक्युमेंट तिनं ठेवलं. परवा विचारलं तर म्हणाली, “दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा कपाशीच. या वेळी भाव पण लिहायला लावते.”