कठड्यावरची घसरगुंडी

ऊर्जेचं रूपांतर मी दरवर्षी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी मात्र शिकवताना एक चूक केली, ती आज तुम्हाला सांगून टाकतो.

नववीतल्या एका मुलाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. एक खेळाडू पायात स्की घालून लोखंडी कठड्यावरून घसरत होता. स्कीचा हा स्लोपस्टाइल प्रकार २०१४ पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. मुलगा म्हणाला, "सर, इचलकरंजीत बर्फ न्हाई, पण कठडा हाय की!" वर्ग हसला. मलाही हुरूप आला. फळ्यावर गणित मांडलं : उंची ३ मीटर, तर खाली पोचताना वेग सेकंदाला ७.७ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर. वजन कितीही असो, वेग तोच! घर्षण मी सोडून दिलं होतं. पुस्तकात तसंच असतं ना.

मधल्या सुट्टीत हा पठ्ठ्या जिन्याच्या कठड्यावर चढला. बुटाचा रबरी तळ काही घसरेना. उतार ३० अंशांचा असेल आणि घर्षणांक ०.५८ च्या वर असेल, तर वस्तू आपली आपण सुटतच नाही. म्हणून त्याने बूट काढले आणि मोज्यांवर उभा राहिला. आता सुटला, पण घाबरून मागे रेलला. इथेच घात झाला. घर्षण कमी असताना शरीर उताराला काटकोनात, म्हणजे पुढे झुकलेलं लागतं. मन मात्र मागे ओढतं. पाय पुढे निसटले, आणि मनगट मोडलं.

व्हिडिओतला खेळाडू उतरत्या बर्फावर उतरतो. त्याचा बराचसा वेग उताराच्या दिशेने चालू राहतो, धक्का थोडाच बसतो. आमच्या जिन्याखाली सपाट शहाबादी फरशी. हा फरक मी वर्गात सांगितलाच नव्हता. आपलं गाव यंत्रमागांचं. धोटा खरबरीत झाला की सूत तुटतं, हे इथल्या पोरांना माझ्याआधी ठाऊक असतं. तरी घर्षण वगळलं ते मीच.

त्याच्या घरी गेलो तेव्हा आई काही बोलल्या नाहीत, चहा ठेवला. तेच जास्त लागलं.

प्लास्टर घालूनच तो वर्गात आला. म्हणाला, "सर, घर्षण धरून वेग किती येतो?" घर्षणांक ०.२ धरून आम्ही मांडलं. सेकंदाला ६.२ मीटर. डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात, त्यानेच ते फळ्यावर लिहिलं.