पानावरचा पाळणा

मासे अंडी घालतात आणि विसरून जातात, अशी पुष्कळांची समजूत असते. रोहूकडे पाहिले तर ती खरी वाटते. रोहूची मादी पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात लाखो अंडी सोडते आणि पुढे निघून जाते. त्यांतील मूठभर पिले जगली तरी वंश टिकतो. परंतु सर्वच मासे असे निर्मोही नसतात. बाजारात मिळणाऱ्या चिलापीची मादी आपली अंडी तोंडात धरून जपते. या चिलापीचाच एक देखणा भाऊबंद नाशिकमधील हौशी लोकांच्या घरी काचेच्या टाकीत पोसला जातो. त्याचे नाव एंजल मासा.

एंजल म्हणजे देवदूत. मात्र याला देवमासा म्हणून चालायचे नाही. मराठीत देवमासा म्हणजे समुद्रातील अजस्र प्राणी, आणि तो तर मासाही नव्हे! एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. अंग थाळीसारखे चपटे, वर-खाली लांब पर आणि रुपेरी देहावर काळे उभे पट्टे. पाणवनस्पतींच्या देठांमध्ये तो उभा राहिला, की चटकन दिसतही नाही. शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला ‘टेरोफायलम’ हे ग्रीक शब्दांचे नाव दिले. त्याचा अर्थ पंखांचे पान.

एंजलची जोडी आपल्या मर्जीने जुळवता येत नाही. नर कोणता आणि मादी कोणती, हे एरवी जाणकारालाही ओळखणे कठीण. म्हणून शहाणा मनुष्य पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवतो आणि वाट पाहतो. आठ-दहा महिन्यांनी त्यांतील दोघे इतरांपासून वेगळे होतात, टाकीचा एक कोपरा आपला मानतात आणि जवळ येणाऱ्याला हुसकून लावतात. जोडी जमते ती अशी.

त्यानंतर त्यांना स्वतंत्र टाकी द्यावी लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना घातक. म्हणून ते पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरावे. नाशिकचा हिवाळा हा आणखी एक शत्रू. कडाक्याच्या थंडीत निफाडकडचे शेतकरी पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून घडांचे रक्षण करतात. उष्ण प्रदेशातल्या या पाहुण्यांनाही तशीच ऊब हवी. टाकीत विजेचा हीटर लावून पाणी २७ ते २८ अंश सेल्सिअसवर राखावे लागते.

मग एके दिवशी नर आणि मादी एखादे रुंद पान, किंवा टाकीत तिरकी ठेवलेली दगडी पाटी, तोंडाने घासून स्वच्छ करू लागतात. मादी त्या पाटीवर ओळीने अंडी चिकटवत जाते आणि नर मागोमाग फिरून ती फलित करतो. पाहता पाहता पाटीवर दोन-तीनशे अंडी मोत्यांसारखी चमकू लागतात. घरातील मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी कोरी असते! आईबापांनीच अंडी गिळलेली असतात.

मुले संतापतात, ‘दुष्ट मासे’ म्हणतात. परंतु हा दुष्टपणा नव्हे. पहिल्या खेपेला जोडी अननुभवी असते. त्यातून कोणी काचेवर टिचकी मारली, एकाएकी दिवा लावला, की ती बिथरते. धोक्यात आलेली अंडी गिळून टाकणे हा माशांचा स्वभावधर्म आहे. विक्रीसाठी मासे वाढवणारे लोक पाटीच उचलून दुसऱ्या टाकीत ठेवतात आणि हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते राखतात. पिले त्यानेही निघतात. त्यात गैर काही नाही. परंतु आईबाप कसे घडतात हे ज्याला पाहायचे असेल, त्याने धीर धरावा. धडधाकट जोडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंडी घालते. काही जोड्या कधीच शिकत नाहीत. पण पुष्कळ शिकतात.

शिकलेल्या जोडीचा संसार पाहण्याजोगा असतो. दोघे आळीपाळीने परांनी अंड्यांना वारा घालतात. पांढरी पडलेली, निकामी अंडी वेचून काढतात. दोन-अडीच दिवसांनी पिले बाहेर येतात. पण त्यांना पोहता येत नसते. डोक्याजवळच्या चिकट तंतूने ती पाटीला लोंबकळत वळवळतात. एखादे खाली पडले, तर आई किंवा बाप त्याला अलगद तोंडात घेऊन पुन्हा जागेवर चिकटवतो. ज्या तोंडाने काल अंडी गिळली, तेच तोंड आज पिलांची पालखी होते!

पुढे चार-पाच दिवसांनी पोटाखालचे पिवळे संपले, की पिले थव्याने पोहू लागतात. येथून माणसाची परीक्षा सुरू होते. खाऱ्या पाण्यात आर्टेमियाची अंडी उबवून, त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव दिवसातून तीन-चार वेळा पिलांना द्यावे लागतात. उरलेले अन्न नळीने ओढून काढावे लागते, नाहीतर पाणी नासते. वीज गेली, तर रात्री उठून पाहावे लागते. एक दिवसाची हयगय दोनशे जिवांवर बेतते. हौस आठवडाभर टिकते. पुढे उपयोगी पडते ती नेमाची सवय.

पिले वाढली, की टाकी अपुरी पडते. त्या वेळी ‘गोदावरीत सोडून देऊ’ असे कोणी म्हणेल. तसे मुळीच करू नये. परक्या देशातला मासा थंडीत कुडकुडून मरेल, आणि तगलाच, तर नदीतल्या माशांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगू लागेल. ज्यांच्या घरी मोठी टाकी आणि जपणूक करणारे हात आहेत, अशांनाच पिले द्यावीत आणि पाणी कसे राखायचे तेही सांगावे. मग ती दगडी पाटी धुऊन पुन्हा जागेवर ठेवावी. जुनी जोडी तिच्याभोवती घुटमळू लागलेली असते.